दारात उभा राहिलेला माणूस

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



१९८५ ला आपण दहावी झालो. चाळीस वर्षं झाली. संयोजकांनी मला फोन करून सांगितलं, "तू मुंबईत शनिवार-रविवारी चित्रांची प्रदर्शनं बघत फिरतोस म्हणे, त्यावर बोल." मी म्हटलं, मी चित्रकार नाही, समीक्षक नाही, फोर्टातल्या एका कचेरीत शिपाई म्हणून लागलो आणि कारकून म्हणून निवृत्त होणार. त्यावर उत्तर आलं, "म्हणूनच बोल. चित्रकार बोलला तर आम्हाला काय कळणार?" तेव्हा चूकभूल माफ करून ऐका.

आपल्यातल्या बहुतेकांचे वडील गिरणीत होते. माझे बाबाही परळच्या गिरणीत, गावकीच्या खोलीवर राहणारे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा आपण सातवीत होतो. पुढच्या वर्षी बाबा वळकटी घेऊन कायमचे घरी आले. त्याच दोन वर्षांत मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिल्या. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती. केंद्र महाडला. घरात रंग घ्यायला पैसे नव्हते. सरांनी स्वतःची रंगपेटी माझ्या पिशवीत घातली आणि एसटीच्या पाससाठी सुटे पैसेही दिले. इंटरमिजिएटला 'ए' ग्रेड आली. निकालाचा कागद घेऊन मी घरी गेलो तेव्हा बाबा पडवीत बसले होते. त्यांनी कागद दोन्ही बाजूंनी बघितला आणि म्हणाले, "बरं झालं. पण याच्याने पोट नाही भरत." रागावून नाही म्हणाले. संपातून आलेला माणूस आणखी काय म्हणणार? मी ब्रश ठेवून दिला.

१९८७ ला मुंबईत नोकरी लागली. कचेरीपासून जहांगीर आर्ट गॅलरी चालत पाच मिनिटांवर. दुपारी डबा खाऊन आम्ही त्या बाजूला पाय मोकळे करायला जायचो. बाहेर फुटपाथवर चित्रकार मंडळी चित्रं मांडून बसलेली असत, कुणी समोर बसवून चेहरा काढून देत असे. ते मी उभा राहून बघायचो. पण पायऱ्या चढून आत? अकरा वर्षं गेलो नाही. मला कुणी अडवलं नव्हतं, हे नीट सांगतो. तिथे तिकीट नाही, आत जायला पैसे लागत नाहीत, हेसुद्धा मला माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नाही. आतून बाहेर येणारे लोक, त्यांचे कपडे, त्यांचं इंग्रजी बघायचो आणि आपलं आपणच ठरवायचो की ही जागा आपली नाही. दामोदर नाट्यगृहात आपल्या गावच्या मंडळाचा शक्ती-तुरा असला की मात्र आम्ही छाती पुढे काढून जायचो. तिथे दारावरचा माणूससुद्धा पोलादपूरचा निघायचा.

१९९८ च्या जुलैत एका दुपारी असा पाऊस आला की छत्री उलटी झाली. मी पळत जहांगीरच्या पोर्चमध्ये शिरलो, आणि मागून लोक येत गेले तसा ढकलला जाऊन आत पोचलो. भिजलेली चप्पल, हातात रिकामा डबा. आत शांत. भिंतीवर मोठी मोठी चित्रं, त्यातलं निम्मं मला कळलं नाही. एका टेबलामागे एक गृहस्थ बसले होते. मला वाटलं, आता हे उठवणार. ते म्हणाले, "या, बघा." तेच चित्रकार होते. जहांगीरमध्ये बहुतेक वेळा ज्याचं प्रदर्शन असतं तो स्वतः तिथे बसलेला असतो, हे मला पुढे कळलं. मी धीर करून विचारलं, "हा मधला पिवळा रंग कशाचा?" ते म्हणाले, "तुम्हाला कशाचा वाटतो?" मी म्हटलं, "पावसाआधी भात पेरताना खाडीकडून जो उजेड येतो तसा." ते जरा थांबले आणि विचारलं, "गाव कुठलं?" निघताना त्यांनी अभिप्रायाची वही पुढे केली. मी नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, 'मु. पो. तुडील, ता. महाड'. एवढाच अभिप्राय.

तेव्हापासून सत्तावीस वर्षं मी जातोय. त्यातून मिळालेली माहिती आता सांगतो, म्हणजे मुंबईला मुलाकडे, लेकीकडे जाल तेव्हा उपयोगी पडेल.

जहांगीर १९५२ ला सुरू झाली. सर कावसजी जहांगीर यांनी पैसे दिले, पण चित्रकार के. के. हेब्बर आणि अणुशास्त्रज्ञ होमी भाभा यांनी त्यासाठी आग्रह धरला होता. अणुशक्ती उभारणाऱ्या माणसाला चित्रांसाठी जागा हवीशी वाटली, हे मला फार आवडतं. तिथली चित्रं बदलत राहतात, त्यामुळे महिन्याने गेलात तरी सगळं नवं.

रस्ता ओलांडला की राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. इमारत १९११ ची, सभागृह म्हणून बांधलेली, १९९६ ला तिथे हे संग्रहालय सुरू झालं. तिकीट आहे, पण आपल्या खिशाला सोसणारं. सोमवारी बंद. आत गोल चढत जाणारे मजले आहेत, गुडघे दुखत असतील तर सावकाश चढा.

त्या भागाला काळा घोडा म्हणतात. घोडा आणि त्यावरचा इंग्रज राजा सातवा एडवर्ड १९६५ लाच तिथून हलवला, तरी नाव राहिलं. २०१७ ला तिथे नवा घोडा बसवला, त्याच्यावर स्वार नाही. मी पहिल्या वर्षापासून, म्हणजे १९९९ पासून, तिथला काळा घोडा महोत्सव बघतोय. जानेवारीच्या शेवटाकडे किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला नऊ दिवस असतो. चित्रं, नाच, नाटक, गाणं, सगळं फुकट. शनिवार-रविवारी मात्र आपल्या शिमग्याच्या पालखीला असते तशी गर्दी. मनापासून बघायचं असेल तर आठवड्यातल्या दुपारी जा.

फोर्ट-कुलाब्याच्या जुन्या इमारतींत पहिल्या, दुसऱ्या मजल्यावर खासगी गॅलऱ्या आहेत. केकू आणि खोर्शेद गांधी यांनी १९६३ ला सुरू केलेली केमोल्ड त्यातली जुनी. आधी ती जहांगीरच्याच वरच्या मजल्यावर होती. जिन्याखाली पाटी लहान असते, दार बंद दिसतं. ढकला. चित्र विकत घ्यायचं नाही म्हणून कुणी हाकलत नाही. जानेवारीत गॅलरी वीकएंड असतो, तेव्हा सगळ्या गॅलऱ्या एकाच वेळी नवी प्रदर्शनं उघडतात.

रविवारी भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जा. १८७२ ला लोकांसाठी उघडलेलं. आत जुन्या मुंबईतल्या जातीजमातींच्या, धंद्यांच्या मातीच्या छोट्या मूर्ती आहेत, नातवंडांना त्या फार आवडतात. त्याच जुन्या वस्तूंच्या मधोमध आजच्या चित्रकारांना बोलावून काम मांडायला देतात. बाहेर दगडी हत्ती उभा आहे, तो घारापुरीचा, म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यातला. तो जुना काळा घोडासुद्धा तिथेच बाजूला आहे.

आता कुणी म्हणेल, हे सगळं मुंबईचं, आपलं काय? तर ऐका. सासवण्याचे विनायक पांडुरंग करमरकर, जन्म १८९१. लहानपणी त्यांनी गावातल्या राममंदिराच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं. ते कुलाब्याचे तेव्हाचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेला पडलं आणि त्यांच्या मदतीने हा मुलगा मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला. पुढे पुण्याचा १९२८ चा तो प्रसिद्ध अश्वारूढ पुतळा त्यांनीच केला. सासवण्याचं त्यांचं घर आज संग्रहालय आहे. अंगणात म्हैस बसलेली दिसते, जवळ गेल्यावर कळतं की सिमेंटची आहे. आणि प्रभाकर बरवे, १९३६ चा जन्म, तेही आपल्याच जिल्ह्यातल्या नागावचे. त्यांचं 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक मराठीत आहे. चित्रकार चित्र काढण्याआधी कसा विचार करतो, ते मला त्यातून थोडंफार समजलं.

म्हणजे रायगडातल्या मुलाला हे जमत नाही असं नाही. कुणाच्या तरी नजरेला पडावं लागतं. माझ्यावर नजर पडली होती. पुढचं काम माझं होतं, ते मी केलं नाही.

एक प्रसंग सांगतो आणि संपवतो. २०१९ च्या अखेरीस राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात सुधीर पटवर्धन यांचं मोठं प्रदर्शन होतं, त्यांच्या सगळ्या आयुष्यातल्या कामाचं. पटवर्धन पेशाने क्ष-किरण तज्ज्ञ डॉक्टर, ठाण्यात तीस वर्षं काम केलं, आणि चित्रं काढली ती लोकलमधल्या, पुलावरच्या, इराण्याच्या हॉटेलातल्या, कारखान्यातून सुटलेल्या माणसांची. बाबा तेव्हा एक्याऐंशी वर्षांचे, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे आले होते. मी त्यांना घेऊन गेलो. ते काठी टेकत प्रत्येक मजल्यावर बसत बसत चढले. एका चित्रापाशी ते फार वेळ थांबले. रस्त्यावर उभा एक कामगार, मागे शहर. मी म्हटलं, "बाबा, पुढे जाऊ." ते म्हणाले, "थांब. हा आपल्यातला आहे. पाळी सुटल्यावर माणूस असाच उभा राहतो, कुठे जायचं ते न कळल्यासारखा." थोड्या वेळाने म्हणाले, "पण याच्या हातात डबा हवा होता."

खाली उतरल्यावर आम्ही चहा घेतला. तेव्हा त्यांनी विचारलं, "तू पण काढायचास ना रे? मास्तरांची पेटी होती तुझ्याकडे." मी हो म्हटलं. ते कपाकडे बघत म्हणाले, "मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आपल्यासारख्या माणसांची पण चित्रं काढतात ते." आमच्यात त्या विषयावर तेवढंच बोलणं झालं. पुढच्या वर्षी बाबा गेले.

आणि आता सर, तुमच्याशी बोलायचंय. महाडच्या एसटी स्टँडवर तुम्ही मला दोनदा भेटलात. दोन्ही वेळा विचारलंत, "काढतोस ना रे?" आणि दोन्ही वेळा मी "हो सर" म्हणालो. सर, ते खोटं होतं. नववीनंतर मी रेघ ओढली नव्हती. तुमची पेटी मी परत केली नाही आणि वापरलीही नाही. ती माझ्याकडे आहे, आज पिशवीत घेऊन आलोय. रंग दगडासारखे झालेत, पण डबी न् डबी जागेवर आहे. बाबा गेल्यानंतर मी पुन्हा कागद घेतला. त्या चित्रातला माणूस आठवून काढायचा प्रयत्न करतोय, हातात डबा देऊन. तुम्ही शिकवायचात, स्मरणचित्रात माणूस जमिनीवर उभा दिसला पाहिजे, हवेत नको. माझा अजून हवेतच दिसतो. भाषण झाल्यावर दाखवतो, चुका काढा.

मित्रांनो, मुंबईतल्या आम्ही पाच-सहा जणांनी दोन गोष्टी ठरवल्यात, तुमची संमती हवी. पहिली, एलिमेंटरीला बसणाऱ्या आपल्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला रंगपेटी आणि ब्रश माजी विद्यार्थ्यांकडून. दुसरी, वर्षातून एकदा नववीची मुलं वीर स्टेशनवरून गाडीत बसवून मुंबईला न्यायची. गेटवे आणि राणीची बाग दाखवाच, पण त्याच फेरीत जहांगीर आणि भाऊ दाजी लाडही. जेवणाची आणि राहायची सोय आमच्याकडे. मुली येणार असतील तर आपल्या वर्गातल्या मैत्रिणींनी सोबत यायचं कबूल केलंय.

मुलांना तिथलं सगळं कळेल असं नाही. मला तरी कुठे कळतं? फक्त पंधराव्या वर्षी त्या पायऱ्या एकदा चढून झाल्या, की पुढे अकरा वर्षं दारात उभं राहावं लागत नाही. आत गेल्यावर वहीत नाव लिहायला सांगू, आणि नावापुढे गावाचं नाव.

सर, पेटी घ्या.

जय हिंद, जय महाराष्ट्र.