मैदानावरचा मास्तर आणि पेपरची धास्ती



व्यायामशिक्षक व्हावयास निघालेला पोरगा मैदानावर कोणाला भीत नाही. शरीररचनाशास्त्राचा पेपर हाती पडला की त्याचे हात गार पडतात. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आम्ही याला आळस म्हणत नाही. 1908 साली यर्क्स व डॉडसन यांनी उंदरांवर प्रयोग केले. सोपे काम जोरदार विजेच्या धक्क्याने लवकर शिकले गेले. अवघड कामात तोच जोर घातक ठरला. 1960 साली आल्पर्ट व हेबर यांनी माणसाच्या चिंतेतही दोन जाती दाखविल्या : एक अभ्यासाला बसविणारी, दुसरी आलेले उत्तर विसरविणारी.

ही दुसरी येते कोठून? कोणी म्हणतात, पोरांत जिद्दच नाही. आम्ही म्हणतो, आधी कायदा उघडा! 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात, सहावी ते आठवीला 100 वर मुले असली तर शारीरिक शिक्षणासाठी माणूस सांगितला आहे, तो अंशकालीन. इकडे 2014 च्या नियमांनी बी. पी. एड. दोन वर्षांचे झाले. खानावळीचे बिलही दोन वर्षांचे. पुढे अर्धी भाकरी दिसत असता पोराने निश्चिंत मनाने स्नायूंची नावे पाठ करावीत, ही अपेक्षा कोणत्या मालकाला शोभेल?