साधन आपले, तर कला आपली



स्वदेशीचा विचार आपल्याकडे बहुधा वस्तूपासून सुरू होतो आणि वस्तूपाशीच थांबतो. साबण कोणाचा, दंतमंजन कोणाचे, कापड कोठले, एवढी चौकशी झाली की व्रत पाळल्याचे समाधान मिळते. परंतु ज्या साधनाने वस्तू घडते ते साधन कोणाच्या सत्तेत आहे, हा त्यापुढचा प्रश्न क्वचितच विचारला जातो. सुताराचा रंधा सुताराच्या मालकीचा असतो. तो बोथट झाला तर सुतार त्याला धार लावतो, मोडला तर दुरुस्त करतो, आणि मुलगा हाताशी आला की तोच रंधा त्याच्या हाती देतो. संगणकावर चित्र काढणाऱ्या, पुस्तकाची मांडणी करणाऱ्या, चलच्चित्र घडवणाऱ्या आजच्या तरुण कलावंताची स्थिती मात्र अशी नाही. त्याचा कुंचला भाड्याचा आहे.

या क्षेत्रातील सर्वाधिक परिचित अशा अ‍ॅडोब कंपनीने २०१३ पासून आपल्या कलाविषयक सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीवर देण्याचे धोरण स्वीकारले. वर्गणी थांबली की साधन बंद. व्यापाराच्या दृष्टीने त्यात बेकायदेशीर काही नाही. पण तालुक्याच्या गावातून कला महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्याला, दोन संगणकांवर डीटीपी चालवणाऱ्या दांपत्याला किंवा वार्षिक स्मरणिका काढणाऱ्या लहान संस्थेला ही वर्गणी झेपत नाही. मग जो मार्ग निघतो तो सर्वांना ठाऊक आहे. कोणीतरी ‘कॉपी’ आणून देतो, ती संगणकावर चढते आणि काम सुरू होते.

चोरीची सवय

या मार्गाला चोरी म्हणणे अनेकांना जड जाते. कायद्याला ते जड जात नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील ६३-ब या कलमानुसार, सॉफ्टवेअरची अवैध प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. व्यापारी लाभासाठी वापर झाला नसेल, तर न्यायालय कारावास टाळून पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकते. म्हणजे ‘आम्ही धंदा करत नाही, समाजकार्य करतो’ एवढे म्हटल्याने दोष पुसला जात नाही.

आणि प्रश्न केवळ दंडाचा नाही. संस्कार वर्गाचे पत्रक, राष्ट्रपुरुषाच्या जयंतीचा फलक, सेवाकार्याचा वृत्तांत हे सारे जर चोरीच्या साधनाने छापले जात असेल, तर त्या पत्रकातील शब्दांना वजन कोठून यावे? घरातील चौदा वर्षांच्या मुलाला पालक स्वतःच अशी प्रत आणून देतात, तेव्हा त्याला कलेबरोबर दुसराही एक धडा मिळत असतो. साधनशुचितेचा आग्रह धरणाऱ्यांनी याकडे काणाडोळा करणे योग्य नाही. विशेषतः पर्याय उपलब्ध असताना तर नाहीच.

मुक्त म्हणजे काय

हा पर्याय म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हापासून ही चळवळ आकाराला आली. वापरणाऱ्याला चार स्वातंत्र्ये असावीत, असे तिचे म्हणणे आहे. सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरण्याचे, त्याची अंतर्रचना अभ्यासून त्यात बदल करण्याचे, त्याच्या प्रती इतरांना देण्याचे, आणि सुधारलेली आवृत्तीही वाटण्याचे. ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ हे शब्द समानार्थी नाहीत. फुकट दिलेली वस्तू देणारा उद्या परत घेऊ शकतो. मुक्त परवान्याने दिलेली आवृत्ती एकदा समाजाच्या हाती आली की ती समाजाचीच राहते. पैसे पडत नाहीत हा लाभ आहेच, पण तो दुय्यम आहे. विद्या दिल्याने वाढते असे मानणाऱ्या समाजाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही.

कोणत्या कामाला कोणते साधन

कलेच्या क्षेत्रात ही साधने आज चांगली परिपक्व झाली आहेत. छायाचित्रांच्या संस्करणासाठी ‘गिम्प’ आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील दोन विद्यार्थ्यांनी, स्पेन्सर किम्बल आणि पीटर मॅटिस यांनी, १९९५ मध्ये त्याचा आरंभ केला. त्याची ३.० ही मोठी आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली. बोधचिन्ह, फलक, नकाशा अशा रेखाकृतींसाठी ‘इंकस्केप’ आहे. २००३ मध्ये सुरू झालेले हे सॉफ्टवेअर ‘एसव्हीजी’ या खुल्या मानकावर आधारलेले असल्याने त्यातील आकृती कितीही मोठी केली तरी फाटत नाही. हाताने चित्र काढणाऱ्यांसाठी ‘क्रिता’ आहे. स्वीडिश भाषेत या शब्दाचा अर्थ खडू असा होतो, आणि महाभारतातील ‘कृत’ या शब्दाचाही नामकरणामागे विचार होता, असे सांगितले जाते. पुस्तके, मासिके, दिनदर्शिका यांच्या मांडणीसाठी ‘स्क्रायबस’ आहे, तर त्रिमित आकृती व चलच्चित्र यांसाठी ‘ब्लेंडर’.

एखाद्या शाळेची स्मरणिका काढायची आहे असे समजावे. जुनी छायाचित्रे गिम्पमध्ये स्वच्छ करावीत, शाळेचे बोधचिन्ह इंकस्केपमध्ये रेखाटावे, मुखपृष्ठाचे चित्र क्रितामध्ये रंगवावे, साऱ्याची पाने स्क्रायबसमध्ये लावावीत आणि छपाईच्या चार रंगांत पीडीएफ करून छापखान्यात द्यावी. या साखळीत कोठेही परवान्याचा एक रुपया लागत नाही. पहिल्या चार साधनांना घरातील सामान्य संगणकही पुरतो. ब्लेंडरच्या मोठ्या कामासाठी मात्र अधिक शक्तीचा संगणक लागतो.

पैसा फंड आणि ब्लेंडर

ब्लेंडरची कथा मराठी माणसाला आपल्याच इतिहासाची आठवण करून देणारी आहे. नेदरलँड्समधील टॉन रोझेनडाल यांनी १९९४ मध्ये आपल्या चलच्चित्र संस्थेच्या कामासाठी हे साधन घडवण्यास प्रारंभ केला. पुढे त्यासाठी काढलेली कंपनी २००२ मध्ये बुडाली. गुंतवणूकदारांनी अट घातली की एक लाख युरो मिळाल्यास मूळ आज्ञावली समाजाला खुली करू. जुलै २००२ मध्ये जगभरातील वापरकर्त्यांना आवाहन झाले आणि लहान-मोठ्या देणग्यांतून सात आठवड्यांत रक्कम उभी राहिली. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला ब्लेंडर मुक्त झाले.

महाराष्ट्रात याहून शंभर वर्षे आधी अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरी फिरून पैसा-पैसा गोळा करणारा पैसा फंड उभारला. लोकमान्य टिळकांनी त्याला बळ दिले आणि १९०८ मध्ये तळेगाव येथे त्या पैशांतून काचेचा कारखाना निघाला. दोन्हीकडे तत्त्व एकच होते. भांडवलदाराची वाट न पाहता सामान्य माणसाच्या पैशाने समाजाच्या मालकीचे साधन उभे करायचे.

या साधनाने काय साधते, हे मार्च २०२५ मध्ये जगाने पाहिले. वीस लाखांहून कमी लोकवस्तीच्या लाटविया या देशातील गिंट्स झिल्बालोडिस यांच्या ‘फ्लो’ या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चलच्चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. एका मांजराची ही कथा. तीत मानवी संवाद एकही नाही आणि तिची दृश्ये ब्लेंडरमध्ये घडवलेली आहेत. स्पर्धेत हॉलिवूडचे बडे स्टुडिओ होते. ज्या देशापाशी मोठे भांडवल नाही त्याने कल्पकतेच्या बळावर ही मजल मारली. कथांचे अक्षय भांडार असलेल्या भारताला यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

देवनागरीचा प्रश्न

मराठी माणसासाठी या विषयाला आणखी एक पदर आहे, तो लिपीचा. गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत शिळाप्रेस उभारला, शाईही स्वतः तयार केली आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरीचे असे सुबक टाइप घडवले की संस्कृत ग्रंथांच्या छपाईत त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. परक्या यंत्राचे तंत्र आत्मसात करून त्यांनी ते आपल्या लिपीच्या सेवेला लावले. पुढे यंत्राला देवनागरीचे शेकडो खिळे जड जाऊ लागले, तेव्हा स्वातंत्र्यवीर सावरकरांनी लिपिशुद्धीचे आंदोलन हाती घेऊन ‘अ’च्या बाराखडीचा पुरस्कार केला. लिपी यंत्रयुगात मागे पडू नये, ही त्यामागील तळमळ होती.

संगणकाच्या आरंभकाळात हाच पेच वेगळ्या रूपाने पुन्हा उभा राहिला. प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा, प्रत्येकाची संकेतरचना वेगळी. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बसवलेल्या कितीतरी स्मरणिकांच्या फाइली आज उघडल्या तर त्या जागी अगम्य चिन्हे दिसतात, कारण तो विशिष्ट फॉन्ट आता हाताशी नाही. मजकूर आपला, पण किल्ली दुसऱ्याकडे. युनिकोड या खुल्या मानकाने हा प्रश्न सोडवला. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरीला स्थान आहे. जोडाक्षरे व वेलांट्या योग्य जागी बसवणारे ‘हार्फबझ’ हे मुक्त सॉफ्टवेअर आज असंख्य संगणकांत आणि मोबाइल संचांत मूकपणे काम करत आहे. स्क्रायबसच्या स्थिर आवृत्तीत भारतीय लिप्यांची यथायोग्य मांडणी जानेवारी २०२४ मधील १.६ या आवृत्तीने आणली. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने घडवलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट खुल्या परवान्याने कोणालाही वापरता येतात. आता लिपीला यंत्रापुढे वाकावे लागत नाही. यंत्रच लिपीप्रमाणे वळवता येते, पण ते उघडून पाहण्याची मुभा असेल तरच.

काही आक्षेप

‘ही साधने परदेशी लोकांनी केली, मग ती स्वदेशी कशी?’ असा आक्षेप घेतला जातो. गणपत कृष्णाजींच्या छापखान्याचे मूळ तंत्रही परदेशी होते. बाहेरून आलेले ज्ञान आत्मसात करता येते की केवळ विकत घ्यावे लागते, यावर स्वावलंबन ठरते. मुक्त सॉफ्टवेअर भारतीय अभियंत्याला उघडता येते, सुधारता येते, मराठीत आणता येते. बंद सॉफ्टवेअर भारतात लिहिले गेले, तरी वापरणाऱ्याला ही मुभा देत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो खरा आहे. जाहिरात संस्थांत नोकरी हवी असेल तर तेथील प्रचलित व्यापारी सॉफ्टवेअर शिकावेच लागते. फ्लेक्सच्या दुकानात अजूनही कोरलची फाइल मागतात. गिम्पमध्ये छपाईच्या चार रंगांत थेट काम करण्याची सोय अपुरी आहे. यावर उपाय आहेत. दुकानात अक्षरे ‘कर्व्ह’ करून पीडीएफ द्यावी. चार रंगांचे काम क्रितात आणि स्क्रायबसमध्ये करावे. विद्यार्थ्याने रंगसंगती, अक्षराचे वळण आणि मांडणीचा तोल यांचे शिक्षण मुक्त साधनांवर पक्के केले, तर नोकरीच्या ठिकाणी नवे सॉफ्टवेअर शिकायला त्याला फार काळ लागत नाही. आणि एखाद्या व्यावसायिकाला व्यापारी सॉफ्टवेअर अपरिहार्यच असेल, तर त्याने ते रीतसर विकत घ्यावे.

कार्यकर्त्यांनी काय करावे

आरंभ लहान असावा. प्रत्येक कार्यालयातील संगणकावर कोणते सॉफ्टवेअर कोणत्या अधिकाराने चढवले आहे, याची एकदा प्रामाणिक नोंद करावी. पुढचे एक पत्रक, केवळ एक, मुक्त साधनांवर तयार करावे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात गिम्प, इंकस्केप, ब्लेंडर यांचे छोटे पाठ विनामूल्य उपलब्ध आहेत आणि त्या प्रकल्पातील अनेक पाठांना मराठी निवेदन आहे. सुटीच्या काळात वस्तीतील मुलांसाठी दहा दिवसांचा चित्रवर्ग त्यावर सहज चालवता येईल. चित्रकला शिक्षक आणि संगणक जाणणारा एखादा तरुण, एवढे दोघे त्यास पुरेत.

यापुढील पायरी ऋण फेडण्याची. ज्याला संगणकाची भाषा येते त्याने दोष शोधून दुरुस्त करावेत. ज्याला मराठी उत्तम येते त्याने सूचनांचे भाषांतर करावे. जो सुलेखनकार आहे त्याने एखादा फॉन्ट खुल्या परवान्याने समाजाला द्यावा. ज्याला यांपैकी काहीच शक्य नाही त्याने वाचलेल्या वर्गणीतील थोडा अंश या प्रकल्पांना दान करावा. केवळ घेत राहणे हे स्वावलंबन नव्हे.

गावोगावी अशी मुले आहेत की ज्यांच्या बोटांत कला आहे आणि घरात वर्गणीला पैसे नाहीत. त्यांना चोरीची प्रत द्यायची, की कला सोडून द्या म्हणायचे, की उजळ माथ्याने वापरता येईल असे साधन त्यांच्या हाती ठेवायचे, याचे उत्तर समाजातील जाणत्यांनी द्यायचे आहे. यापैकी तिसरा मार्ग आज खुला आहे. त्यासाठी धन लागत नाही. थोडी चिकाटी आणि शिकवणारा एक माणूस लागतो, आणि असा माणूस पुरवणे हे तर कार्यकर्त्यांचेच काम आहे.