कृष्णविवराच्या आत काय असते?

कृष्णविवर हा शब्द आता इतका परिचयाचा झाला आहे की, तो ऐकताच डोळ्यांपुढे एक चित्र उभे राहते. आकाशात कोठेतरी एक काळीकुट्ट विहीर आहे, तिला कठडा नाही, आणि जे जवळ जाईल ते तिच्या तळाशी जाऊन पडते. वर्गात हा विषय निघाला म्हणजे विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न ठरलेलाच असतो : "सर, त्या विहिरीच्या तळाशी काय आहे हो?" प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्याचे खरे उत्तर असे की, या विहिरीला तळच नाही. तिला शेवट आहे, आणि तो शेवट स्थळातला नसून काळातला आहे. हे वाक्य तुम्हांला कोड्यासारखे वाटेल. ते उलगडावे एवढाच या भाषणाचा हेतू.

आइनस्टाइन यांनी गुरुत्वाकर्षणाचा आपला नवा सिद्धांत १९१५ सालच्या नोव्हेंबरात मांडला. त्या वेळी कार्ल श्वार्झशिल्ड हे जर्मन ज्योतिषशास्त्रज्ञ रशियन आघाडीवर सैन्यात होते. तेथे त्यांनी काही आठवड्यांतच त्या अवघड समीकरणांचे पहिले अचूक उत्तर काढले. १९१६ साली ते प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी मे महिन्यात श्वार्झशिल्ड वारले. त्यांच्या गणितात एक विशिष्ट त्रिज्या दडलेली होती. सूर्याचे सगळे द्रव्य सुमारे ३ किलोमीटर त्रिज्येच्या गोलात कोंबले, किंवा आपली पृथ्वी ९ मिलिमीटर त्रिज्येच्या गोळीएवढी दाबली, तर तेथून प्रकाशही बाहेर पडू शकणार नाही. या सीमेला घटनाक्षितिज म्हणतात. आपण तिला उंबरठा म्हणू.

या उंबरठ्यावर गणितात अनंत राशी उगवत असे. त्यामुळे तेथे काहीतरी भयंकर घडत असले पाहिजे, अशी समजूत बरीच वर्षे होती. १९५८ साली डेव्हिड फिंकेलस्टाइन या अमेरिकन शास्त्रज्ञाने स्पष्ट करून दाखविले की, दोष जागेचा नाही, मोजण्याच्या रीतीचा आहे. नकाशावरची सारी रेखावृत्ते उत्तर ध्रुवावर एकत्र येतात. म्हणून काही तेथले बर्फ निराळे होत नाही. तसेच हे.

मग उंबरठा ओलांडताना काय होते? धबधब्याकडे जाणारी एखादी नदी डोळ्यांपुढे आणा. कड्यापासून दूर पाणी संथ असते. पोहणारा सहज उलटा वर जातो. कडा जवळ येऊ लागला की ओढ वाढते, आणि एक जागा अशी येते की पाण्याचा वेग व तरबेज पोहणाऱ्याचा वेग अगदी सारखा होतो. तेथे पाण्यावर रेघ नसते की पाटी नसते. तेथे तो जिवाच्या आकांताने हात मारील तर जागच्या जागी राहील. हातभर पुढे गेला की संपले. कृष्णविवराभोवती जणू अवकाशच आत वाहत असते, आणि प्रकाश हा त्यातला सर्वांत तरबेज पोहणारा. जेथे त्याचीही मात्रा चालत नाही, तो उंबरठा.

समजा, तुम्हीच आत निघालात. दूर उभे राहून पाहणाऱ्याला तुमचे घड्याळ मंद होत चाललेले दिसेल, तुमचा प्रकाश लालसर व क्षीण होत जाईल, आणि शेवटी तुम्ही उंबरठ्यापाशीच विरून गेल्यासारखे वाटाल. तुमच्या स्वतःच्या घड्याळात मात्र काहीच बिघडलेले नसते. ते चालत असते, आणि तुम्ही आत गेलेले असता.

आता खरी मौज येथून पुढे आहे. बाहेर असताना आपल्याला अवकाशात कोठेही थांबता येते. काळात मात्र थांबता येत नाही. सोमवारी रात्रभर जागे राहिले तरी मंगळवार उजाडायचा तो उजाडतोच. उंबरठ्याच्या आत या दोघांच्या भूमिका बदलतात. केंद्रापासूनचे अंतर काळासारखे वागू लागते आणि ते कमी होत जाणे टाळता येत नाही. केंद्र तुम्हांला समोर दिसत नाही. उद्याचा दिवस कोणत्या दिशेला आहे हे तरी कोठे बोटाने दाखविता येते? सुटकेची वाट शोधायची तर काळात मागे जावे लागेल. म्हणूनच ती वाट नाही.

या प्रवासाची मुदतही गणिताने काढता येते. विवर फिरत नाही असे धरले तर, दहा सूर्यांएवढ्या विवरात जास्तीत जास्त मुदत सेकंदाच्या सुमारे सहा हजाराव्या भागाइतकी असते. आपल्या आकाशगंगेच्या मध्याशी सुमारे ४३ लाख सूर्यांच्या वस्तुमानाचे विवर आहे. तेथे मिनिटाहून किंचित अधिक. एम-८७ या दीर्घिकेतील विवर, ज्याचे छायाचित्र १९१९ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, २०१९ साली जगाने पाहिले, ते सुमारे ६५० कोटी सूर्यांएवढे आहे. तेथे २८ तासांच्या आसपास. कितीही जोराची इंजिने लावा, त्यापलीकडे एक क्षण मिळत नाही.

आणि शरीराचे काय? चंद्रामुळे समुद्राला भरती येते, कारण पृथ्वीच्या जवळच्या व दूरच्या बाजूंवरील त्याची ओढ सारखी नसते. येथेही पायांवरची ओढ डोक्यावरच्या ओढीपेक्षा जास्त असते. उभे ताणले जाणे व आडवे दाबले जाणे, म्हणजे माणसाची शेवईच. लहान विवरात हे उंबरठ्याच्या बाहेरच घडते. एम-८७ मधल्यासारख्या प्रचंड विवरात मात्र उंबरठा ओलांडल्याचे जाणवणारही नाही. ही दशा अगदी शेवटी येईल.

पण शेवट येतोच असे कशावरून? ओपेनहायमर व स्नायडर यांनी १९३९ साली कोसळणाऱ्या ताऱ्याचे गणित केले, ते तारा अगदी वाटोळा आहे असे धरून. खरा तारा थोडा वेडावाकडा असणार. मग त्याचे द्रव्य केंद्राला चुकवून निघून जाणार नाही काय? या शंकेच्या उत्तराचा एक धागा कलकत्त्यात विणला गेला. अमलकुमार रायचौधुरी यांनी, डॉक्टरेट मिळण्यापूर्वीच, १९५५ साली एक समीकरण प्रसिद्ध केले. गुरुत्वाकर्षण द्रव्याच्या वाटा एकमेकींकडे कशा ओढून आणते, हे त्यातून दिसते. त्याच्या आधाराने रॉजर पेनरोझ यांनी १९६५ साली सिद्ध केले की, तारा वाटोळा असो वा नसो, एकदा उंबरठ्याच्या आत प्रकाश कोंडला गेला की काही वाटा खुंटल्याच पाहिजेत. २०२० सालच्या नोबेल पारितोषिकात पेनरोझ यांचा वाटा होता तो या कामासाठी.

वाटा खुंटतात म्हणजे तेथे काय असते, हे मात्र पेनरोझ यांचा सिद्धांत सांगत नाही. तेथे घनता अनंत होते असे पुस्तकात असते. पण तो त्या जागेचा गुण नव्हे, आपले समीकरण तेथे थकले याची ती कबुली आहे. पुढचे सांगायला गुरुत्वाकर्षण आणि पुंजवाद यांची सांगड घालावी लागेल, आणि ती अजून कोणाला निर्विवादपणे जमलेली नाही. शिवाय खरी विवरे फिरत असतात. त्यांचे गणित रॉय केर यांनी १९६३ साली दिले. त्यांचा अंतर्भाग याहूनही गुंतागुंतीचा आहे.

मग जेथून बातमी येत नाही, तेथले आपण बोलावे तरी कशाच्या जोरावर? बाहेर मिळणाऱ्या पुराव्याच्या. दोन विवरे एकमेकांत मिसळताना उठलेल्या गुरुत्वलहरी १४ सप्टेंबर २०१५ रोजी प्रथमच टिपल्या गेल्या, आणि त्या सिद्धांताशी जुळल्या. ठोकलेल्या घंटेसारखा विवराचा नाद हळूहळू विरतो, हे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० सालीच गणिताने दाखविले होते. अशा लहरी टिपणाऱ्या वेधशाळेला आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभारण्यासाठी २०२३ साली केंद्र सरकारने मंजुरी दिली. या लहरीही उंबरठ्याबाहेरच्याच. आतली एकही नाही.

तेव्हा वाचकहो, आपल्या ज्ञानाचे तीन भाग पाडून ठेवावेत. उंबरठ्याच्या बाहेरचे आपण पडताळून पाहिले आहे. आतल्या प्रवासाचे, बाहेर खऱ्या ठरलेल्या नियमांवर विसंबून, तर्काने सांगत आहोत. शेवटच्या क्षणाबद्दल मात्र गप्प राहणे भाग आहे. यातली सीमा पुसून जो तिन्ही गोष्टी एकाच सुरात सांगेल, त्याच्यावर विश्वास ठेवू नये. विद्यार्थ्याने तळाविषयी विचारले तर त्याला हे तिन्ही भाग वेगवेगळे करून सांगावेत. कदाचित तिसऱ्या भागाचे उत्तर तोच शोधून काढील.