तापलेले लोहचुंबक



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लोहचुंबकावर बोलण्याचा अधिकार मला कॉलेजाने दिलेला नाही. तो एका चार्जशीटने दिला. विजेच्या स्कूटरच्या मोटारी बनविणाऱ्या एका कारखान्यात आमच्या सभासदावर आरोप आला, की त्याने चुंबके आपटली आणि म्हणून मोटारी दुबळ्या निघाल्या. मग मी पुस्तके उघडली.

ही चुंबके निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांची. १९८३ साली जपानात मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी ती स्वतंत्रपणे जगापुढे आणली. त्यांतला बहुतेक जोर लोखंडाचा. निओडिमियमचे काम त्या जोराची दिशा घट्ट धरून ठेवण्याचे. उष्णता चढली की ही पकडच आधी ढिली पडते. २० अंशांवरून १०० अंशांवर गेले, तर जोर सुमारे दहावा हिस्सा घटतो. पण विरोधी चुंबकत्वापुढे टिकण्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते! साध्या प्रतीच्या चुंबकाला म्हणूनच ८० अंशांची मर्यादा घालून देतात. ३१० अंशांच्या आसपास तर चुंबकत्व उरतच नाही.

मर्यादेच्या आत तापलेले चुंबक थंड झाले की पूर्ववत होते. मर्यादा ओलांडली, की निवल्यावरही गेलेला जोर परत येत नाही. मात्र धातू शाबूत असेल तर त्याला पुन्हा चुंबकित करता येते. आमचा सारा खटला या एका वाक्यावर उभा राहिला. चुंबके साध्या प्रतीची होती, आणि ती चिकटविल्यावर मोटार ज्या भट्टीत ठेवीत, ती १२० अंशांवर! चौकशीत आम्ही एवढेच मागितले, की तीच चुंबके पुन्हा चुंबकित करून मोजा. मोजली. जोर पुरता भरला. कुठे टवका उडालेला नव्हता. आरोप मागे घेतला गेला. कापलेला पगार हाती पडायला मात्र चार महिने लागले.

उष्णता सोसावी म्हणून या धातूत डिस्प्रोशियम घालतात. पकड घट्ट होते, पण डिस्प्रोशियमचे अणू लोखंडाच्या उलट दिशेला तोंड करतात, त्यामुळे एकूण जोर कमी भरतो. (सभेत विरोध करणारे पण संपात न हलणारे सभासद आम्हांलाही ठाऊक आहेत.) हे द्रव्य मुख्यतः दक्षिण चीन आणि ब्रह्मदेशातील काचिन येथील डोंगरांच्या मातीतून, तिच्यात रसायने सोडून काढतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने त्याच्या निर्यातीवर परवाना बसविला, तेव्हा आपल्याकडचे स्कूटरचे कारखानेही अडखळले.

आमच्या मागणीपत्रात यंदा पगारवाढीच्या खाली एक कलम आहे : भट्टीचा तापमापक कामगाराला दिसेल असा लावावा, आणि चुंबकाची प्रत त्याच्या कामाच्या कार्डावर लिहावी.