सोनें, नीळ आणि काळा

पहिल्या संक्रांतीला नववधू काळी चंद्रकळा नेसून, अंगावर हलव्याचे शुभ्र दागिने घालून पाटावर बसते. एरवीं मंगलकार्यांत वर्ज्य मानलेला काळा रंग त्या दिवशीं सन्मानानें घरांत येतो. थंडींत तो ऊब धरतो, असें त्याचें कारण घरोघरीं सांगतात. परंतु निव्वळ काळें लुगडें वधूला कोणी देत नाहीं. त्याला जरीचे काठ असावे लागतात. हे काठ केवळ ऐश्वर्य दाखविण्यासाठीं असतात काय? या प्रश्नाचा उलगडा पॅरिसमधील एका जुन्या तक्रारीनें चांगला होतो.

1824 सालीं शेव्हरल हे रसायनशास्त्रज्ञ तेथील गोबेलँ या राजाश्रयी विणकामशाळेच्या रंगविभागाचे प्रमुख झाले. चित्रपटांतील निळ्या व जांभळ्या वस्त्रांच्या सावल्या विणण्यासाठीं दिलेला काळा रंग निस्तेज आहे, असा ठपका रंगाऱ्यांवर आला होता. शेव्हरल यांनीं इतर नामांकित कारखान्यांची काळी लोकर मागवून ताडून पाहिली. गोबेलँची लोकर तिच्याहून मुळींच कमी नव्हती. दोष रंगांत नसून शेजारांत होता! डोळा निळ्या रंगावर स्थिरावला, कीं त्याच्या विरोधी नारिंगी रंगाची किंचित् छटा शेजारच्या रंगावर चढवितो. त्यामुळें निळ्याजवळचा काळा विटका भासतो. रंगारी निर्दोष ठरले, आणि या शोधावरील शेव्हरल यांचा ग्रंथ 1839 सालीं प्रसिद्ध झाला.

वस्तुतः नीळ आणि काळा हे जवळचे आप्त. निळीच्या रांजणांतून कापड वर येतें तें पिवळसर हिरवें. हवा लागतांच तें निळें होऊं लागतें. पुनःपुन्हा बुडविलें, कीं निळाई गडद होत जाते. उत्तम काळा साधावयाचा तर जुने रंगारी कापड प्रथम निळींत बुडवीत आणि मग हिरडा व लोखंड यांच्या संयोगानें त्यावर काळिमा चढवीत. समईच्या पिवळ्या उजेडांत तर गडद निळें वस्त्र काळेंच दिसतें. कारण त्या उजेडांत निळा अंश फारच थोडा असतो. असे दोन आप्त एकमेकांस खेटून बसले, कीं दोघांचीही ओळख पुसट होते.

येथेंच सोन्याचें खरें काम आहे. त्याची छटा पिवळ्या-नारिंगी कुळांतली, म्हणजे निळीच्या विरोधी पक्षाची. म्हणून निळीशेजारीं सोनें अधिक उजळतें व सोन्याशेजारीं नीळ अधिक खोल भासते. दोहोंमध्यें सोन्याची बारीक रेघ आली, कीं काळा निळ्यापासून सुटा होऊन आपली प्रतिष्ठा परत मिळवितो. मात्र रेघ ती रेघच असावी. अस्सल जरींतही रुपेरी तारेवर सोन्याचा पातळसा मुलामाच असतो; तेवढ्यानें तिचें तेज पिढ्यान्‌पिढ्या टिकतें.

हल्लीं हे तीन रंग लग्नपत्रिकांवर आणि पडद्यांवर सर्रास दिसतात. गडद निळ्या कागदावर काळीं अक्षरें छापून चोहोंकडे सोनेरी वेलबुट्टी पसरिली, तर पत्रिका झगमगते खरी. पण घरांतल्या वृद्धांना मुहूर्ताची वेळ वाचतां येत नाहीं. तेथें अक्षरांनाच सोनें द्यावें आणि वेलबुट्टी आवरावी. शंका असल्यास निळ्या कापडावर काळा दोरा ठेवून पाहावा, मग त्याच्या कडेनें एक जरीचा दोरा ठेवावा. क्षणापूर्वीं हरवलेला काळा दोरा स्पष्ट उठून दिसेल.

काळा रंग फिका वाटला तर रंगाऱ्यास दोष देण्यापूर्वीं त्याचा शेजार पाहावा. चंद्रकळेला काठ लावणाऱ्या विणकरानें शेव्हरल वाचला नव्हता. परंतु सोनें किती घालावें आणि कोठें घालावें, हें त्याचा हात जाणत होता.