बांधकाम परवान्याची यादी वाचा, काम आपणच शोधू

(देवळाली कॅम्प येथे फेडरेशनच्या मासिक सभेत झालेले मार्गदर्शन)



आपल्या गटांतल्या कितीतरी जणी बांधकामावर जातात. कुणी रंगकाम शिकल्यात, कुणी फरशी घासायचं, कुणी साईटवर डबे देतात, कुणी पडदे शिवतात. हाताला कसब आहे. पण काम कुठून येतं? सकाळी नाक्यावर उभं राहायचं, मुकादम बोट दाखवेल तिनं टेम्पोत बसायचं. रंगाचा ब्रश चालवणारी बाई तिथं गेली की बिगारी होते आणि मजुरीही बिगारीचीच मिळते. समान कामाला समान मजुरी हे १९७६ पासून कायद्यात आहे. पण दर ठरवायला आपण समोर बसलेलोच नसतो. कर्जाचा हप्ता मात्र महिन्याला ठरलेला असतो. म्हणून आज एवढंच बोलायचं आहे की काम कुठं निघणार, हे आपल्याला आधी कसं कळेल.

बघा, कुणीही घर, बंगला, इमारत बांधायची म्हटलं की आधी परवानगी काढावी लागते. ती कागदावर असते आणि तो कागद सरकारी कार्यालयात असतो. आपल्या भागात एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कार्यालय एक नाही. देवळाली कॅम्पच्या छावणी हद्दीत परवानगी कॅन्टोन्मेंट बोर्ड देतं. भगूरला नगरपरिषद. देवळाली गाव, विहितगाव, नाशिकरोड इकडं महानगरपालिकेचा नगररचना विभाग. आणि लहवित, नाणेगाव, शेवगे दारणा अशा गावांकडं नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. गावठाणातल्या घरांचं मात्र आधी ग्रामपंचायतीत विचारा. चुकीच्या दारात गेलं की दिवस बुडतो.

आता, ही माहिती आपल्याला देतील का? माहिती अधिकार कायदा २००५ चा आहे. त्याच्या कलम ४ मध्येच लिहिलंय की कार्यालयानं कुणाला परवाने दिले त्याचा तपशील स्वतःहून जाहीर करायचा. म्हणून आधी फलक आणि संकेतस्थळ बघा. नसेल तर साधा अर्ज करा: "मागच्या १२ महिन्यांत दिलेल्या बांधकाम परवानग्यांची यादी – दिनांक, ठिकाण, वास्तुविशारदाचं नाव." फी १० रुपये. राज्याच्या कार्यालयात कोर्ट फी स्टॅम्प चालतो. कॅन्टोन्मेंट बोर्ड केंद्राचं, तिथं पोस्टल ऑर्डर लावा. दारिद्र्यरेषेखालच्या ताईला फी नाही. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. एजंटला पैसे द्यायची गरज नाही.

अर्जाची वाट बघेपर्यंत बसून राहू नका. दोन वाटा फुकट आहेत. एक, साईटवरचा बोर्ड. मालक, वास्तुविशारद, ठेकेदार, परवानगीचा क्रमांक आणि तारीख त्यावर लिहायची असते. येता-जाता फोटो काढा. दुसरी, महारेराचं संकेतस्थळ. विक्रीसाठीच्या मोठ्या प्रकल्पांची नोंद तिथं असते. बांधकाम कुठवर आलं आणि पूर्ण कधी होणार, हे सगळ्यांना बघता येतं. गटातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीला सांगा, ती मोबाईलवर काढून देईल.

खरी गंमत तारखेत आहे. परवानगी परवा मिळाली म्हणून रंगवाल्या ताई आज धावल्या, तर तिथं नुसता खड्डा असेल. नवी परवानगी डबेवाल्या गटासाठी. मजूर येणार, त्यांना जेवण लागणार. जोत्याची तपासणी झाली की वीट-प्लास्टरला हात लागतात. रंगवाल्यांनी जुन्या, वर्षभरापूर्वीच्या परवानग्या बघाव्यात, कारण प्लास्टर वाळलं की तिथं त्यांचं काम निघतं. भोगवटा प्रमाणपत्राची वेळ आली की साफसफाई आणि पडदे. म्हणजे एकच यादी, पण प्रत्येक गटाची तारीख वेगळी. परवानगी मिळूनही कुणी वर्ष-वर्ष बांधत नाही, म्हणून जाऊन डोळ्यांनी बघायचंच. आणि आपल्याकडं जुने बंगले, सॅनिटोरियम पुष्कळ. नुसत्या रंगरंगोटीची कामं या यादीत सापडायची नाहीत; ती ओळखीनंच मिळतात.

यासाठी फेडरेशनची एक वही करू. ठिकाण, परवानगीची तारीख, ठेकेदार, काम कुठवर आलं, कोण जाऊन आलं, काय म्हणाले. त्यामुळं एकाच साईटवर आपलेच तीन गट जाऊन दर पाडणार नाहीत.

साईटवर दोघींनी जायचं. बोलायचं ते सरळ: "नमस्कार भाऊ, आम्ही बचत गटाच्या. बोर्ड बघून आलो. रंगाचं काम कुणाला दिलंय का? नसेल तर एक खोली आम्हाला करून दाखवू द्या, पसंत पडली तर पुढचं बोलू." घरमालकाच्या दारात पुन्हा पुन्हा जाऊ नका. यादीतली नावं कामासाठी आहेत, गावभर सांगायला नाहीत.

दर रोजावर नको, फुटावर बोला. १० बाय १२ ची खोली, उंची १० फूट. चार भिंती ४४० चौरस फूट, वरचं छत १२०, मिळून ५६०. दार ३ बाय ७, खिडकी ४ बाय ४, ते ३७ वजा. राहिले ५२३. फुटामागं एक रुपया कमी बोललात तर एका खोलीत ५२३ रुपये गेले, पाच खोल्यांत २,६१५. माल त्यांचा की आपला, हात किती, पैसे कोणत्या टप्प्याला, हे कागदावर लिहून दोन्हीकडच्या सह्या घ्या. थोडी उचल आल्याशिवाय ब्रश भिजवू नका.

शेवटचं. केलेल्या कामाचा दाखला ठेकेदाराकडून मागून घ्या. वर्षात ९० दिवस बांधकामावर भरले आणि वय १८ ते ६० असेल, तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. मुलांच्या शिष्यवृत्तीपासून बाळंतपणापर्यंतच्या योजना त्यावर आहेत. दाखला नसला की केलेलं काम मोजलंच जात नाही.

पुढच्या सभेला प्रत्येक गटानं आपल्या गावातल्या तीन साईटच्या बोर्डांचे फोटो आणायचे. वही त्याच दिवशी सुरू करू. माहिती अर्जाचा नमुना कार्यालयात ठेवलाय; लिहिता येत नसेल त्या ताईसोबत शेजारच्या ताईनं बसायचं.