पदविकेतून पदवीकडे : अभियांत्रिकीचा दुसरा मार्ग

दहावीचा निकाल लागला की वसई, नालासोपारा आणि विरार या पट्ट्यातील अनेक घरांत एकच प्रश्न चर्चेला येतो आणि तो म्हणजे अभियंता होऊ इच्छिणाऱ्या मुलाने अकरावी-बारावी विज्ञानाची वाट धरावी की तंत्रनिकेतनात पदविकेला, म्हणजे रोजच्या बोलण्यातील ‘डिप्लोमा’ला, प्रवेश घ्यावा. पहिल्या वाटेवर दोन वर्षांच्या अखेरीस राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा असते आणि त्यानंतर चार वर्षांची पदवी. दुसऱ्या वाटेवर दहावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो, तीन वर्षांनी महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची पदविका हाती येते आणि पुढे शिकायचे असल्यास अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन उरलेल्या तीन वर्षांत पदवी पूर्ण करता येते. दोन्ही वाटांनी लागणारी वर्षे सहाच असतात. तरीही दुसरी वाट म्हणजे मागे पडलेल्या मुलांची सोय, असा एक समज समाजात रुजलेला आहे आणि तो वस्तुस्थितीला धरून नाही.

अशी रचना केवळ महाराष्ट्रात आहे असे नाही. अमेरिकेत ‘कम्युनिटी कॉलेज’ नावाची स्थानिक, कमी शुल्काची महाविद्यालये असून इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली त्यांपैकी पहिले सार्वजनिक महाविद्यालय सुरू झाले; तेथे दोन वर्षे गणित, भौतिकशास्त्र आणि अभियांत्रिकीचे प्राथमिक विषय शिकून विद्यार्थी विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जाऊ शकतो. दोन्ही देशांतील भेद मात्र लक्षात घेण्याजोगा आहे. तेथील विद्यार्थी विद्यापीठाचाच अभ्यासक्रम पहिली दोन वर्षे अन्यत्र शिकत असतो, तर महाराष्ट्रातील पदविका हे स्वतंत्र आणि स्वयंपूर्ण शिक्षण आहे, ज्याच्या बळावर अठरा-एकोणीस वर्षांचा तरुण कनिष्ठ अभियंता किंवा कारखान्यातील पर्यवेक्षक म्हणून उभा राहू शकतो. वसई पूर्वेच्या वालीव, सातिवली, गोखिवरे या भागांतील औद्योगिक गाळ्यांत आणि बोईसरजवळच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत अशा मनुष्यबळाला काम असते; त्यामुळे ज्या कुटुंबाला सहा वर्षांच्या खर्चाची हमी आज देता येत नाही, त्याला तिसऱ्या वर्षाअखेर थांबण्याची आणि परिस्थिती सुधारल्यावर पुन्हा पुढे जाण्याची मोकळीक या वाटेवर मिळते. बारावी विज्ञानापाशी शिक्षण थांबले तर हाती कोणताही व्यवसाय नसतो, ही गोष्ट पालकांनी तोलून पाहिली पाहिजे.

वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेस विद्यावर्धिनी संस्थेच्या आवारात भाऊसाहेब वर्तक तंत्रनिकेतन आणि १९९४ साली स्थापन झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय ही दोन्ही एकाच ठिकाणी आहेत, म्हणजे पदविका आणि पदवी यांमधले अंतर येथे अक्षरशः काही पावलांचे आहे. विरार पूर्वेला शिरगाव येथे आणि पालघर येथेही पदवी महाविद्यालये आहेत. शिवाय लोकलने मुंबई गाठणाऱ्यांसाठी वांद्र्याचे शासकीय तंत्रनिकेतन आणि माटुंग्याची १८८७ साली स्थापन झालेली, पदविका व पदवी दोन्ही देणारी वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था आहे. दुसऱ्या वर्षातील प्रवेश पदविकेच्या गुणांवर आणि केंद्रीभूत प्रक्रियेने होतो; मंजूर जागांपलीकडे १० टक्के जागा, म्हणजे साठांच्या वर्गात सहा, या विद्यार्थ्यांसाठी असतात आणि पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागाही त्यांत मिळवल्या जातात.

खरी अडचण प्रवेशात नसून प्रवेशानंतरच्या पहिल्या सत्रात आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. पदविकेच्या बहुतेक शाखांत गणित पहिल्या वर्षी शिकवले जाते आणि तेथेच थांबते. पुढील दोन वर्षे विद्यार्थी लेथवर चार जबड्यांच्या चकमध्ये जॉब मध्यावर आणण्यात, मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचण्यात, सर्किट जोडून त्यातील दोष शोधण्यात तरबेज होतो, परंतु संकलनाची सूत्रे त्याच्या हातून निसटत जातात. पदवीच्या तिसऱ्या सत्रात, ज्याला विद्यार्थी ‘एम-थ्री’ म्हणतात त्या गणितात, त्याच्यासमोर लाप्लास रूपांतर येते. ही काळानुसार बदलणाऱ्या राशीचे अवघड विकलक समीकरण साध्या बीजगणिती समीकरणात बदलून सोडवण्याची रीत असून तिच्या मुळाशी शून्यापासून अनंतापर्यंतचे संकलन असते. शेजारच्या बाकावरील विद्यार्थ्याने संमिश्र संख्या, आंशिक विकलन आणि दुहेरी संकलन वर्षभरापूर्वीच केलेले असते, तर पदविकाधारकाने यांतील काही भाग कधी पाहिलेलाच नसतो आणि जो पाहिला तो दोन वर्षांपूर्वी. त्यात प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या तर वर्ग सुरू झाल्यानंतर काही आठवड्यांनी तो दाखल होतो. या विषयात ‘केटी’ लागली, म्हणजे विषय राहिला, की दोष मुलाच्या बुद्धीवर ठेवला जातो, जो अन्याय आहे. कारण प्रयोगशाळेत आणि प्रकल्पात हाच विद्यार्थी अनेकदा गटाचा आधार असतो. पदवीच्या पहिल्या वर्षातून आलेल्या मुलाने मोटर आकृतीत पाहिलेली असते, याने ती उघडून पुन्हा बसवलेली असते.

उपाय अवघड नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अशा विद्यार्थ्यांसाठी पूरक अभ्यासक्रमाची, म्हणजे मधली तूट भरून काढणाऱ्या वर्गांची, गरज मान्य केलेली आहे. प्रश्न तो केव्हा घ्यावा इतकाच आहे. पदविकेची उन्हाळी परीक्षा संपल्यापासून पदवीचा प्रवेश पक्का होईपर्यंतचे आठवडे विद्यार्थी बहुधा निकालाची आणि फेरीची वाट पाहण्यात घालवतात. आपल्याला कोणते महाविद्यालय मिळेल हे त्यांना तेव्हा ठाऊक नसते, परंतु ते ठाऊक असण्याची आवश्यकताही नाही, कारण पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणित सर्व शाखांना समान असते आणि स्थापत्य असो वा संगणक, राहिलेले प्रकरण तेच असते. म्हणून हा वर्ग पदवी महाविद्यालयाने सप्टेंबरात घाईने उरकण्याऐवजी तंत्रनिकेतनातच, मे-जून महिन्यांत, पदवीच्या अध्यापकांना बोलावून घेतला जावा. जेथे दोन्ही संस्था एकाच आवारात आहेत तेथे त्यासाठी एक वर्गखोली, एक फळा आणि दोन विभागप्रमुखांनी मिळून आखलेले वेळापत्रक एवढ्यावर काम भागेल, आणि तिसऱ्या सत्राच्या पहिल्या तासाला अध्यापक फळ्यावर लाप्लासचे चिन्ह काढतील तेव्हा उशिरा आलेल्या त्या सहा जणांनाही पुढची ओळ स्वतः लिहिता येईल.